निर्धास्तपणाची वैरीण

जगातली बहुतेक दुःखं माणूस निर्धास्त झाल्यामुळे होतात, असं ठाम मानणारी एकच बाई मी पाहिली. ती माझी जोगेश्वरीची काकू. संरक्षण मिळालं की माणूस चेकाळतो, हा तिचा सिद्धान्त. दाराला लॅच लावला की घरातले गाफील होतात, म्हणून ती दिवसभर दार सताड उघडं ठेवून स्वतः खुर्ची टाकून राखण करायची. त्या खुर्चीतून सोसायटीचा अख्खा जिना दिसायचा, हा निव्वळ योगायोग. मुलाने नवं हेल्मेट आणलं, तर तिने ते पलंगाखाली दडवलं. "डोकं उघडं असलं की आपोआप हळू चालवशील." लिंक रोडवर हवालदाराने अडवल्यावर त्याने बिचाऱ्याने हेच कारण सांगितलं. हवालदार पोट धरून हसला आणि मग पावती फाडली. काकांच्या पित्ताच्या गोळ्याही ती लपवायची. गोळी हाताशी असली की ते बटाटेवडे जास्त खातात म्हणे. काका वडे तेवढेच खायचे आणि मग छाती चोळत बसायचे. पण तिच्या सिद्धान्ताला हात लावायची आमची कुणाची टाप नव्हती.

त्यामुळे तिची नात ईशा सहावीत गेल्यावर अंधेरीच्या डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस सुचवली, तेव्हा काय होणार ते ठरलेलंच होतं. हा आजार शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूमुळे होतो, एवढं काकूने ऐकलं मात्र. "म्हणजे पोरीला आत्तापासून परवानगीच दिली म्हणा की! लस टोचली की वाट लागली. पोटात भीती नको का गं?" सून समजावून थकली. लस राहिली.

वर्षभरात काकूलाच तो कॅन्सर निघाला. दवाखान्यात डॉक्टरीणबाई आम्हाला म्हणाल्या, "हा विषाणू नवऱ्याकडूनही येतो, वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. यात कुणाचं चारित्र्य काढू नका." काकू हळूच म्हणाली, "मी कुठे उंडारले होते हो?" मला तिथे बसवेना. काका मान खाली घालून बसले होते. एकेका वड्यावरून ज्यांना आयुष्यभर फैलावर घेतलं, त्यांना ती त्या दिवशी एका शब्दानेही बोलली नाही. घरी आल्यावर फक्त म्हणाली, "अहो, तुमच्या गोळ्या रव्याच्या डब्यामागे आहेत. राहू देत हाताशी."

त्याच आठवड्यात ती स्वतः ईशाला लस द्यायला घेऊन गेली. परत आल्यावर संध्याकाळभर खुर्चीतून तिला निरखत राहिली; सिद्धान्त तपासायचा होता ना! ईशाने कुल्फी खाल्ली, दुखरा दंड दाखवून अभ्यास टाळला आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. "काहीच नाही गं बदललं," काकू मला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आहे तश्शीच आहे माझी पोर. दुसऱ्या डोसला पण मीच नेणार."

दुसरा डोस सहा महिन्यांनी झाला. काकू तोवर राहिली नाही. ईशा आईबरोबर परत आली आणि उघड्या दारातल्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबली. "आता मला कोण बघत बसणार?" तिने विचारलं. काका आतून आले आणि त्या खुर्चीत बसले.