सरजाबाईच्या चपला

छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर सरजाबाई गावच्या जमीनदार किशनरावांच्या दारावरून, जुन्या रितीनं चपला काढून, कधी अनवाणी गेली नव्हती. विद्यापीठाच्या नामांतराच्या आदल्या वर्षी मात्र दवाखान्यातून परतताना तिनं त्या दारासमोर चपला काढून हातात घेतल्या.

ओट्यावरचे किशनराव हसले. "म्हातारीला अजून रीत ध्यानात हाय!"

सोबत असलेल्या तिच्या लेकाच्या, सूर्यभानच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. तो पाथरीला शाळेत विज्ञान शिकवायचा. आईचा स्मृतिभ्रंशाचा आजार त्यानं वाचून काढला होता. मेंदूतलं एक लांब प्रथिन एंझाइम कात्रीसारखं कापतं. ठरल्या जागी कापलं तर तुकडे निघून जातात. भलतीकडं कापलं तर चिकट तुकडा सुटतो, साचतो आणि आठवणी मारत सुटतो, आधी नव्या, मग जुन्या. म्हणजे दीक्षा गेली आणि ही गुलामी तेवढी उरली!

त्यानं खाली बसून चपला आईच्या पायात घातल्या.

"मालक रागावतील रं," ती कुजबुजली.

सूर्यभान उठला. "किशनराव, माझ्या मायच्या मेंदूत घाण साचलीय म्हणून ती असं करायलीय. तुमचा मेंदू तर धडधाकट हाय. तुमी का हसायलात?"