त्र्याऐंशी नंबरचा शेवटचा स्टॉप

कंडक्टरबाई एकतीस वर्षं नोकरीत होत्या आणि एकतीस वर्षं उभ्या होत्या. मागच्या दाराजवळ कंडक्टरची म्हणून एक सीट असे, पण तिच्यावर बाईंनी कायम कुणा पोटुशीला नाहीतर कुणा म्हाताऱ्याला बसवलेलं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी खास खुर्ची मांडली, तर बाई भाषणं संपेपर्यंत खुर्चीची पाठ धरून उभ्या. सवय, दुसरं काय!

आणि सगळी नोकरी एकाच रूटवर. स्टेशन ते कापडगिरणी, एकोणीस स्टॉप, जायचा रस्ता तोच, यायचा रस्ता तोच. बदलीचा कागद तीनदा आला, बाईंनी तीनदा साहेबांचं डोकं खाऊन तो परत पाठवला. कारण घर त्याच रूटवर, मुलाची शाळा त्याच रूटवर, सासूबाईंचा दवाखानाही त्याच रूटवर. गाडी थांबे तेवढ्या अर्ध्या मिनिटात सासूबाईंच्या हातात औषधाची पुडी कोंबून बाई डबल बेल मारत. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. सासूबाई काही सांगायला तोंड उघडत, तोवर गाडी पुढच्या स्टॉपला. बाईंचा संसार इतका सुखाचा का झाला याचं हे एक कारण असल्याचं चाळीत बोललं जाई.

या एकोणीस स्टॉपांवरून थोरल्या जाऊबाईंनी त्यांना जन्मभर छळलं. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, वर्षाच्या अंतराने गेले. मग दोघी एकाच घरात राहू लागल्या, कारण भांडायला एकमेकींशिवाय कोणी उरलं नव्हतं. पाहुणे आले की जाऊबाई म्हणत, "आमच्या धाकटीनं दुनिया पाहिलीय हो! स्टेशनापासून गिरणीपर्यंतची."

मुलांनी मिळून दोघींना परदेशच्या सहलीला धाडलं. पाच दिवस, बत्तीस माणसं, आणि पुढे काठीला केशरी झेंडा लावून चालणारा एक टकलू सहलप्रमुख. त्याला सगळे झेंडेवाला म्हणत. शहर असं, की डोळे चोळून पाहावं. इमारती आरशाच्या, आणि आरशांवर वीस-वीस मजले झाडं चढवलेली. बाहेर पाऊल टाकलं की कुणी ओल्या टॉवेलने तोंड दाबल्यासारखी हवा, आत पाऊल टाकलं की बर्फाचा कारखाना. जाऊबाई दिवसातून अकरा वेळा शाल काढत आणि अकरा वेळा घालत. झेंडेवाला ओरडे, "वीस मिनिटं फोटो, दहा मिनिटं बाथरूम!" की सगळे पळत. चार दिवसांत बाईंनी ते शहर झेंड्याच्या मागून आणि काळ्या काचेच्या आतून पाहिलं.

चौथ्या दिवशी हॉटेलच्या खिडकीतून त्यांना समोरचा बसस्टॉप दिसला. दर सात मिनिटांनी त्र्याऐंशी नंबरची दुमजली गाडी. आणि गाडीत कंडक्टर नाही! बाईंना वाटलं, रजेवर असेल बिचारा. पुढच्या गाडीतही नाही. तिच्या पुढच्या गाडीतही नाही. बाई खिडकीशी तासभर उभ्या राहिल्या आणि तिथेच त्यांचं ठरलं.

शेवटच्या दिवशी कार्यक्रम असा, की शेजारच्या सात मजली मॉलमध्ये खरेदी आणि बरोबर तीनला हॉटेलच्या दारातून विमानतळाकडे. नाश्त्याला बाई म्हणाल्या, "मी मॉलमध्ये येत नाही. त्र्याऐंशीनं शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन येते."

"काय आहे तिथं?" जाऊबाईंनी विचारलं.

"शेवटचा स्टॉप."

झेंडेवाला धावत आला. "काकू, तिकडे टूरिस्ट जात नाहीत. काहीसुद्धा नाही बघायला."

"गाडी जाते ना? मग माणसं जात असतील. ती बघेन."

"आणि हरवलात म्हणजे?"

"ती कशाला हरवते!" जाऊबाईंनी चमचा खाली ठेवला. "जन्मभर घाण्याच्या बैलासारखी एका रस्त्यानं फिरली. हरवायला आधी नवा रस्ता लागतो. जा, जा. दुसऱ्या स्टॉपला रडत बसशील आणि आमचं विमान चुकवशील."

हे बाईंना लागलं. लागलं, कारण जाऊबाईंनी आज बोलून दाखवलं ते बाईंच्या मनात निवृत्तीपासून रोज दुपारच्या चहाबरोबर येऊन बसत असे. आपण प्रवास केला, की नुसत्या येरझाऱ्या घातल्या? एकोणीस स्टॉपांच्या बाहेर आपल्याला रस्ता तरी कळतो का?

"काकू, तीनला गाडी सुटणार हं," झेंडेवाला म्हणाला. "एका माणसासाठी एकतीस जणांना नाही थांबवता येत."

"थांबवूच नकोस. मी तरी माझ्या गाडीत कुणासाठी थांबत होते?"

पावणेअकराला बाई त्र्याऐंशीत चढल्या. सहलीत मिळालेलं कार्ड मशीनला लावलं, टुक् असा आवाज झाला, आणि बाईंनी तिकिटासाठी हात पुढे केला. तिकीट नाही. ड्रायव्हर एक बाई होती, काळा चष्मा घातलेली. तिने हाताने मागे जा म्हणून खुणावलं. जिने एकतीस वर्षं फुकट्यांना कॉलर धरून उतरवलं, ती आता विनातिकीट प्रवास करणार! चेकर आलाच तर पुरावा म्हणून ते कार्ड बाईंनी शेवटपर्यंत मुठीतून सोडलं नाही.

वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा रिकामी. समोर अख्खी काच. बाई बसल्या. दोन स्टॉप तर पाठ टेकायचा धीर झाला नाही.

पाट्या वाचता येत नव्हत्या, म्हणून बाईंनी स्टॉपांना आपली नावं दिली. पाटीवर भलामोठा दात, तो दातवाला डॉक्टर. मग निळ्या फाटकाची शाळा. मग लोखंडी कुंपण गिळलेलं झाड. मग हजामतीचं दुकान, दारात एकाच तोंडवळ्याचे तिघे उभे, ते तीन भाऊ. बाई पुटपुटायला लागल्या, "चला दातवाला डॉक्टर, दातवाला... निळं फाटक, फाटकवाले पुढे या..." शेजारी लॅपटॉपची बॅग घेतलेला एक तरुण बसला होता. तो हळूच थोडा सरकून बसला.

तीन भावांच्या स्टॉपला माणसं चढली तरी गाडी हलेना. बाईंच्या शेजारच्या दांड्यावर लाल बटण होतं. बोट आपसूक गेलं. डबल बेल! गाडी निघाली. बाई खूश. पण पुढच्या स्टॉपला गाडी थांबली, दार उघडलं, उतरणारं कुणीच नाही. वेळेची ही नासाडी बाईंना बघवेना. पुन्हा डबल बेल. पुढच्या स्टॉपला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा थांबल्यावर खालून स्पीकरवर ड्रायव्हरणीचा आवाज आला. भाषा कळली नाही, पण कंडक्टरवर वैतागलेला ड्रायव्हर कोणत्या सुरात बोलतो हे बाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. लॅपटॉपवाल्याने बटणाकडे बोट दाखवलं, मग उतरण्याची खूण केली आणि हसू दाबलं. म्हणजे इथे बेलचा एकच अर्थ, थांब! चल म्हणायला कुणी लागतच नाही. बाईंनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यावर बसून राहिल्या.

त्रेचाळिसाव्या, म्हणजे शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले. पत्र्याची लांब शेड, दोन बाकं, एक नळ, पाइपने गाड्या धुणारी माणसं. भिंतीवर ड्युटीचा तक्ता. अक्षर ओळखीचं नव्हतं, पण लाल पेन्सिलीच्या फुल्या बघून कुणाची रजा नामंजूर झालीय ते बाईंना झटकन कळलं. काळ्या चष्म्याची ड्रायव्हरीण डबा घेऊन बाकावर बसली होती. तिने बाईंना ओळखलं, हवेत दोनदा बोट दाबून दाखवलं आणि खो खो हसली. बाईंनी पर्समधून आपलं जुनं ओळखपत्र काढलं. फोटोतली टोपी आणि खाकी बघून ड्रायव्हरणीने चष्मा वर केला, बाकावर सरकून जागा दिली आणि इतरांना हाका मारल्या. मग एकीने टाचा दाखवल्या, बाईंनी गुडघे दाखवले. एकीने साहेबाची नक्कल केली. साहेब कुठलाही असो, नक्कल लगेच समजते. या भानगडीत सव्वा वाजला.

परतीच्या त्र्याऐंशीत बाई पुन्हा वरच्या पुढच्या जागी बसल्या. आता नावं उलटी म्हणायची, इतकंच. पण तीन भाऊ आलेच नाहीत. आला एक लांबलचक पूल, खाली पाणी, कडेला क्रेन. बाईंनी मागे वळून पाहिलं. गाडीतल्या पाटीवर नंबर त्र्याऐंशीच. झाड नाही, शाळा नाही. दोन वाजून दहा मिनिटं. तेवढ्यात पाऊस असा कोसळला की समोरची काच पांढरी झाली.

जाऊबाईंचं बोलणं कानात वाजायला लागलं. पाय म्हणत होते, ऊठ, उतर, रस्ता ओलांड, उलट्या दिशेची गाडी धर. बाई अर्ध्या उठल्यासुद्धा. आणि मग त्यांना आठवली आपल्या गाडीतली गांगरलेली माणसं. भलत्याच स्टॉपला उड्या मारून जी उतरत, त्यांचे नातेवाईक मग डेपोत फोटो घेऊन यायचे. जी जागेवर बसून राहत, ती घरी पोचायची. कारण गाडी कुठूनही फिरो, तिला शेवटी आपल्या जागी यावंच लागतं.

"आज मी पॅसेंजर," बाई स्वतःला मोठ्याने म्हणाल्या. "बसायचं." आणि बसल्या. दोन वीस झाले, बसल्या. दोन पस्तीस झाले, बसल्या. तळहातात कार्डाची कड रुतली होती. भीती होतीच, तिलाही त्यांनी शेजारच्या जागेवर बसवून ठेवलं.

पाऊस थांबला. दोन इमारतींच्या फटीतून, एक गल्ली पलीकडे, निळं फाटक चमकलं. पुढच्या फटीत दाताची पाटी, मागच्या बाजूने. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. एकेरी रस्ते! जायचा एक, यायचा दुसरा. आपल्या रूटवर असलं काही नव्हतं म्हणून जगातच नाही, असं आपण धरून चाललो होतो.

हॉटेलच्या मागच्या गल्लीत त्या उतरल्या आणि चप्पल हातात घेऊन धावल्या. तीनला तीन मिनिटं कमी. सहलीची गाडी सुरू होती आणि तिच्या पायरीवर, भोवती आठ पिशव्या मांडून, जाऊबाई बसल्या होत्या.

"काकू, दार लावू द्या हो," झेंडेवाला हात जोडत होता.

"लाव की! माझ्या पायावर लाव!" मग धाकटी दिसली आणि जाऊबाईंचा आवाज फाटला. "आलीस, भवाने? जरा अजून भटकायचं होतंस!"

गाडी निघाल्यावर जाऊबाईंनी आठही पिशव्या मोजून घेतल्या. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "काय होतं तिथं?"

"दोन बाकं, एक नळ, नि गाड्या धुणारी माणसं."

"एवढ्यासाठी माझं रक्त आटवलंस? रस्ता चुकलीस ना?"

"चुकले असं वाटलं. बसून राहिले."

"मी बोलले म्हणून गेलीस," जाऊबाई शालीचं टोक पिळत म्हणाल्या.

"तुम्ही बोलला नसतात तरी गेले असते."

घरी आल्यापासून दर गुरुवारी बाई आपल्याच शहरातला एक नवा रूट धरतात. जाऊबाई तक्रारी करत सोबत असतात आणि खिडकी सोडत नाहीत. गेल्या गुरुवारी पाय आखडले म्हणून त्या निम्म्या वाटेत उतरायला निघाल्या. बाईंनी त्यांची पिशवी आपल्या मांडीवर ओढून घट्ट धरली.

"शेवटच्या स्टॉपला उतरू," त्या म्हणाल्या.