शिंदे बाईंचं रोम

एका शाळेत उभा जन्म काढला की किस्से आपोआप साठतात. धडे विसरतात, मुलांची नावंसुद्धा विसरतात, पण स्टाफरूममध्ये कोण काय बोललं ते मात्र राहतं. परवा जुन्या स्टाफपैकी आम्ही चौघं परभणी स्टेशनवर भेटलो. गाडी लेट होती. बोलता बोलता सगळे किस्से एकाच माणसाकडे जायला लागले. इतिहासाच्या शिंदे बाईंकडे.

आमची शाळा जिंतूरहून चारठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. मी मराठी शिकवायचो. बाई चारठाण्याच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. लहानपण जुन्या देवळांच्या खांबांआड लपाछपी खेळण्यात गेलेलं, त्यामुळे देव कुठलाही असो, त्याची चौकशी करायची सवय. पुस्तकात रोमवर जेमतेम दीड पान होतं. बाईंना ते दिवाळीपर्यंत पुरायचं. त्या म्हणायच्या, "त्या लोकांचे देव गावात कसं राहायचं ते शिकवायचे. आपल्यालाही तेच शिकायचंय."

* * *

स्टाफमध्ये बाई एकट्याच बाईमाणूस. त्यामुळे मधल्या सुट्टीतला चहा त्याच करणार, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. बाईंनी काही दिवस केला. मग एकदा स्टोव्हला पंप मारता मारता वेस्टादेवीची गोष्ट सांगितली. प्रत्येक घराला चूल, तशी अख्ख्या रोम शहराची एक चूल. ती विझू द्यायची नाही. ते काम काही निवडक बायकांकडे. पण त्यांचा मान असा, की त्या रस्त्यानं निघाल्या तर मोठमोठे अधिकारी बाजूला व्हायचे.

"चहा मी करते," बाई म्हणाल्या. "पण मग मी व्हरांड्यातून निघाले की हेडसरांनी बाजूला व्हायचं."

दुसऱ्या दिवशी स्टोव्ह हेडसरांनी स्वतः पेटवला. त्यांच्या चहात साखर लय पडायची. पण पुढं पाळ्या लागल्या त्या लागल्याच.

* * *

हेडसर माणूस भला, पण भांडणाला भ्यायचे. स्टाफरूममध्ये आवाज चढला की आधी उठून दार लावायचे. बाहेर मुलांना ऐकू जायला नको.

एकदा वेळापत्रकावरून अशीच तकरार झाली. सरांनी दार लावलं. बाई शांतपणे म्हणाल्या, की रोममध्ये जानूस नावाचा दारांचा देव होता. लढाई चालू असली की त्याच्या देवळाचं दार उघडं, शांतता झाली की बंद. सर म्हणाले, "मग बरोबर आहे की."

"कुठलं बरोबर सर? तिथं भांडण मिटलं की दार लावायचे. आपण भांडण सुरू झालं की लावतो."

सरांनी उठून दार उघडलं. बाहेर सातवीची मुलं उभी होती. एवढ्या प्रेक्षकांपुढं कुणाला भांडता येईना, आणि वेळापत्रक तिथंच मिटलं.

* * *

एके दिवशी वर्गातल्या एका मुलीचे वडील, लिंबाजीराव, तणतणत शाळेत आले. त्यांचा आणि धाकट्या भावाचा दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तहसीलला मामला चालू होता. धुरा कुणी सरकवला, यावरून दोन्ही घरांत बोलणं बंद.

"बाई, आमच्या पोरीला कोणता देव शिकवलाय? ती म्हणायलीय, धुऱ्यावरच्या दगडाला हार घाला आन् काकाला बी बोलवा."

बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं. तो रोमचा हद्दीचा देव, नुसता दगड. सगळ्यात मोठ्या देवाचं देऊळ बांधायचं ठरलं तेव्हा बाकीचे देव जागा सोडून उठले, हा उठला नाही. शेवटी मोठ्या देवानंच त्याला आत जागा दिली. वर्षातून एकदा धुऱ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोन्ही शेजारी त्याला हार घालायचे, आणि मग तिथंच सगळे मिळून जेवायचे.

लिंबाजीराव जरा निवळले. "नाव काय म्हणलात त्याचं?"

"टर्मिनस."

"ते तर मंबईचं टेसन हाय."

त्या हिवाळ्यात दोन्ही घरांनी मिळून धुऱ्यावर हुरडा भाजला. मामला मिटला नाही, तारखा चालूच होत्या. पण तारखेला दोघं भाऊ एकाच एसटीनं जिंतूरला जायचे. जो आधी चढायचा तो दुसऱ्याची जागा धरायचा.

* * *

गॅदरिंगला बाईंनी नाटक बसवलं. शहरावर संकट येतं, तेव्हा शेतात औत हाकणाऱ्या माणसाला बोलावून सगळी सत्ता त्याच्या हातात देतात. तो शत्रूला हरवतो, सत्ता परत करतो आणि पुन्हा औताला जाऊन उभा राहतो. अध्यक्ष होते आमचे सरपंच. ते खुर्चीवर बसल्याला इतकी वर्षं झाली होती, की शाळेतल्या मुलांनी दुसरा सरपंच पाहिलाच नव्हता. नाटक संपलं तसे सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

सरपंच भाषणाला उठले. "नाटक झ्याक झालं. पण त्या गड्याच्या शेतात हीर असणार. कोरडवाहू असतं तर तो खुर्ची सोडून गेलाच नसता."

मांडव हसून हसून बेजार. पुढच्या निवडणुकीला मात्र सरपंचांनी फॉर्मच भरला नाही. बाईंनी रस्त्यात कारण विचारलं.

"हिरीला पाणी लागलं, बाई," ते म्हणाले.

* * *

आता शेवटचा. हा खरं तर सगळ्यात जुना. बाई नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात घर जळलं नाही, पण पारावर बसणाऱ्या काही जणांनी दलित वस्तीवरच्या माणसांना अडवून धमकावलं. दुसऱ्या दिवसापासून वस्तीतली मुलं शाळेत येईनात. नववीच्या वर्गात अख्खी एक रांग रिकामी. बाकीची मुलं तिकडं बघायची टाळायची.

बाईंनी त्यांना गोष्ट सांगितली. रोममधल्या कष्टकऱ्यांना बरोबरीनं वागवत नव्हते, तेव्हा ते शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले. शहर ठप्प झालं. मग सरदारांनी समजूत घालायला एक माणूस पाठवला.

वर्गाचा मॉनिटर, पाटलांचा दत्ता, उभा राहिला. "मग आपण कुणाला पाठवायचं?"

शाळा सुटल्यावर बाई दत्ताला घेऊन वस्तीवर गेल्या. मीही सोबत होतो. नववीतल्या सुमनच्या अंगणात मुलं जमली. सुमनचे वडील दाराशी उभे होते. बाईंनी रोमची गोष्ट पुन्हा सांगितली, आणि सरदारांच्या माणसानं टेकडीवर काय सांगितलं तेही. हातापायांनी पोटावर रुसून काम सोडलं, तर पोटाबरोबर तेही वाळले.

सुमननं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "गोष्ट खरी असंल बाई. पण सांगणारा पोटाकडूनच आलता ना?"

बाई म्हणाल्या, होय, पोटाकडूनच. आणि नुसत्या गोष्टीवर ते लोक खाली उतरलेही नाहीत. त्यांनी आपले रखवालदार आपल्यातूनच निवडले. त्यांच्या अंगाला जो हात लावेल तो देवाचा गुन्हेगार, अशी शपथ घेतली. शहरानं ते कबूल केलं, तेव्हाच ते परतले.

सुमन म्हणाली, मग आमचा मॉनिटर आमी निवडणार. तिचे वडील पहिल्यांदाच बोलले. "आन् शपथेला देव नको. सगळ्या शाळेपुढं बोला."

दत्तानं खिशावरचा मॉनिटरचा बिल्ला काढला आणि तिथंच सुमनच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर नववीच्या वर्गानं शाळेपुढं उभं राहून शब्द दिला, की वस्तीतल्या कुणाच्याही अंगाला हात लावू देणार नाही. भांडणाला भिणाऱ्या हेडसरांनी तर तो सगळ्यात आधी दिला.

सोमवारी वस्तीतली मुलं निघाली. दत्ता आणि वर्गातली बरीच मुलं वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबली होती. सगळी मिळून चालायला लागली. सर्वांत पुढं सुमन, फ्रॉकला बिल्ला लावलेला. बाई आणि मी मागं. वाटेत पार. पारावर तेच लोक.

त्यातला एक जण म्हणाला, "काय गं, मोर्चा कुठं निघाला?"

सुमन थांबली. तिच्यामागं सगळी रांग थांबली.

"मोर्चा न्हाई, काका," ती म्हणाली. "हजेरी हाय."