दर्या म्हणजे नदी

मंडळी, आज सकाळी नातवाचा पुण्याहून फोन आला. सगळे मोटारीनं कोकणात निघालेत. आंबोळी कुठं खायची, सोलकढी कुठं प्यायची, ते ठरवायलेत.

मीही हौसेनं सांगितलं, निजामाच्या काळात मानवतच्या शाळेत उर्दूचे मौलवीसाहेब शिकवायचे, दर्या म्हणजे नदी. त्यामुळं मराठी कवितेत दर्या आला की मला आपली दुधना नदीच दिसायची. खरा समुद्र अजून पाहिला नाही.

तो हसला. "लय भारी, आजोबा. तुम्हाला काय आणू?"

"सोलकढी तिथंच बसून प्यायची असते ना रे?"

"बाटलीत मिळते की."

फोन ठेवला. डोळे मिटून शाळेतली एक दर्याची कविता म्हटली, तर पुन्हा दुधनाच दिसली.

तुमच्या घरी काय विचारतात हो, "काय आणू?" की "येता का?"