कंपनीला सुतक नसतं

आमचे कंपनीवाले सर वर्गात आले की आधी एक रिकामी खुर्ची पुढं ओढून ठेवत. तिच्यावर कुणी पिशवी टेकवली की खवळायचे. "उचल ती! कंपनी बसलीय तिथं. दिसत नाही म्हणून काय नाहीच?" लातूरच्या कॉलेजात कंपनी कायदा शिकवायची ही त्यांची तऱ्हा. आम्ही वाह्यात पोरं त्या खुर्चीला वाकून नमस्कार करायचो, आणि सरच सगळ्यांत जास्त हसायचे.

इतिहास सांगताना मात्र गंभीर होत. "पूर्वी कंपनी काढायला राजाची सनद लागायची. धंदा बुडाला की भागीदाराचं घरदारही जायचं. मग कायदा आला. गुंतवलं तेवढंच बुडेल, घर शाबूत. तेव्हा कुठं अनोळखी माणसं एकत्र येऊन गिरण्या काढायला धजली, बाबांनो."

निवृत्तीनंतर ते आमच्या चाकूरकडच्या गावाच्या मागं लागले. त्यांच्यामुळंच आम्हा शेतकऱ्यांची कंपनी झाली, डाळमिल उभी राहिली. अध्यक्ष अप्पा, मी एक संचालक.

ऐन तुरीच्या हंगामात अप्पा गेले आणि गावानं मिलला कुलूप घातलं. सुतक! फाटकाबाहेर तुरीचे टेम्पो उभे, हैदराबादच्या व्यापाऱ्याची पहिली मोठी मागणी हातची जायला आलेली. पण किल्ली अप्पांच्या घरात, आणि ती मागायची कुणाची छाती होईना.

सर आले ते थेट अप्पांच्या घरी, त्यांच्या बायकोकडं, आमच्या काकूंकडं. त्यांच्यासमोर खाली बसले. मग म्हणाले, "वहिनी, अप्पा गेले, कंपनी नाही गेली. तिला सुतक नसतं. पण तुमच्या शब्दाशिवाय कुलूप निघणार नाही."

काकूंनी डोळे पुसले. "घर इसरून उभी केली त्यांनी ती. बंद ठिवली तर त्यास्नीच लई लागंल." आणि उठून किल्ली सरांच्या हातावर ठेवली. कायदा इतक्या हळुवारपणे सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यंदा सरही गेले, तुरीच्याच हंगामात. फोन आला तेव्हा मिल चालू होती. ऑपरेटरचा हात बटणाकडं गेला.

"ऱ्हाऊ दे चालू," काकू म्हणाल्या. अप्पांनंतर त्याच अध्यक्ष आहेत.

मी सवयीनं एक रिकामी खुर्ची ओढून ठेवली आणि आम्ही तिच्याभोवती बसलो. कंपनीला सुतक नव्हतं, आम्हाला होतं. मिलच्या आवाजात कुणाचं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही.