उजवीकडचा तलाव

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझ्या मायला पाहिलेलं नाही — ज्यांनी पाहिलं, त्यांच्यासमोर हे माझ्या तोंडून निघतच नाही.

आमच्या विणकरांच्या गल्लीतला पहिला बी.ए. मी. आजही सांगताना मान ताठ होते, खोटं कशाला बोलू? घरात पत्र येवो, औषधाची बाटली येवो, ती माझ्या हातात यायची. मी वाचीन ते खरं. माय जन्मभर मागासाठी कांड्या भरत बसली, तिला अक्षर येत नव्हतं. पण तिच्याजवळ एक तलाव होता.

तिचं गाव पिंपळटोला, भंडाऱ्याकडच्या तलावांच्या मुलखात. पाचव्या वर्षी आईबाप गेले, मामानं तिला नागपूरला आणलं, नि परत कोणी नेलं नाही. आठवण उरली ती एवढीच — मोठा तलाव, मधोमध दगडाची देवळी, म्हणजे एवढंसं देऊळ, आणि पाळीवर, तलावाच्या बांधावर, धुणं धुणारी तिची आई.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात दादानं ठरवलं, मायला तलाव दाखवायचा. तो एका शेठकडे मेटॅडोर चालवायचा. तीच तीन दिवसांसाठी मागून आणली. मागं फळ्या टाकून गाद्या घातल्या. स्टोव्ह, पाण्याचा पिंप, खिडक्यांना वहिनीच्या जुन्या पातळांचे पडदे. चाकांवरचं घरच. रस्ता सांगायचं काम अर्थातच माझं. लायब्ररीतल्या नकाशावरून मी तो पेन्सिलीनं उतरवून घेतला होता.

काय सांगू तुम्हाला तो मुलूख! भंडारा सोडलं आणि तलाव सुरू झाले, एक संपला की दुसरा. धान कापून झालेलं, पाळीवर मोहाची झाडं, पाण्यावर कमळाची पानं. बदकं उठली की पाणीच उठल्यासारखं वाटायचं. नळाच्या रांगेत वाढलेलो आम्ही — एवढं पाणी नुसतं पडून असतं? माय पडदा सारून बसली होती. प्रत्येक तलावाला हात जोडत होती, आणि दर वेळी म्हणायची, "हा नाही. माहा याच्याहून मोठा हाय."

साकोलीच्या पुढं फाटा आला. माझ्या कागदावर तिथं एकच रेघ होती.

"विचारून घे ना गा कोणाले," दादा म्हणाला.

"नकाशा आहे माझ्याकडे." घरातल्या माणसाशी मी असं पुस्तकी बोललो.

"बरं बाबा, बी.ए. साहेब. बोला."

"उजवीकडे."

अर्ध्या तासानं सागाच्या रानातून गाडी बाहेर आली, आणि समोर पाणीच पाणी. पलीकडचा काठ दिसतच नव्हता. धुकं पाण्यावरून उठत होतं, त्यातून ऊन खाली उतरत होतं. दादानं इंजिन बंद केलं, तेही हळूच — देवळात चप्पल काढावी तसं.

माय आणि वहिनी पाण्याकडे गेल्या. मी प्यायचं पाणी बघायला निघालो. पाळीवर एक ढीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. सहज गावाचं नाव विचारलं. त्यानं भलतंच सांगितलं.

"पिंपळटोला? तो तिकडं राहिला, बाबू. फाट्यावरून डावीकडं."

मी परत आलो. माय गुडघाभर पाण्यात उभी होती. दूरवर बघत होती, काहीतरी शोधत होती.

"मधात देवळी होती गा," ती म्हणाली. "दिसून नाही राहिली." मग माझ्याकडे वळली. "हाच ना, बाबू?"

दादा काच पुसता पुसता थांबला होता. ऐकत होता.

"हाच," मी म्हणालो.

"मंग बुडाली असंन. पाणी वाढलं असंन." तिनं ओंजळ भरली, डोळ्यांना लावली. "माय वं," म्हणाली. तेवढंच.

कळतंय ना तुम्हाला? उभ्या जन्माची तिची ती एकच आठवण — तिच्यापेक्षा तिनं माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला. स्वतःचं देऊळ बुडवलं, पण मला खोटं ठरवलं नाही.

तिचा आनंद मोडू नये म्हणून गप्प बसलो, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. सकाळ होती, डिझेल होतं, दादानं गाडी वळवली असती. फक्त हसला असता. ते हसणं मला नको होतं.

तरी तेव्हाचं एक वेळ सोडा. सहा वर्षांनी माय गेली. जाण्याआधी तिनं सांगितलं होतं, "मले माह्या तलावात सोडजा." आता दादाला रस्ता पाठ होता. फाट्यावर त्यानं मला विचारलंसुद्धा नाही. मी शेजारीच बसलो होतो, अस्थींचं गाडगं माझ्या मांडीवर होतं. वळण येईपर्यंत तोंड उघडायला पुष्कळ वेळ होता.

तलाव तसाच होता. तेच धुकं, तीच बदकं, तेच काठ नसलेलं पाणी. इतकं सुंदर पाणी मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यात मी माझ्या हातानं तिला सोडलं, परक्या गावात.

पिंपळटोल्याला मी अजून गेलेलो नाही. देवळी आहे की नाही, मला माहीत नाही. साकोलीच्या पुढं फाटा लागतो. तिथं डावीकडे वळायचं.