पहिल्या डब्यातला चमचा

आमच्या मुलीच्या दुधाबद्दल घरात सगळ्यांना सगळं कळत होतं, फक्त मला सोडून. हे आज लिहितानाही माझा संताप होतो. तेव्हाही होत होता, पण बोलायची सोय नव्हती.

बाळंतपणानंतर मला विषमज्वर झाला आणि अंगावरचं दूध आटलं. मुलगी दीड महिन्याची. गाईचं दूध तिला पचेना, म्हणून पावडरचा डबा आणायचं ठरलं. संस्थानं विलीन होऊन मध्य भारत हे नवं राज्य झाल्याला एक-दोन वर्षं झाली होती. मामंजींची दरबारच्या कचेरीतली नोकरी संपली होती, रुबाब मात्र शाबूत होता. डबा निवडणं हे त्यांनी आपलं खातं करून टाकलं. ते सियागंजच्या बाजारात जायचे, दुकानदार म्हणायचा, "बाबूजी, ये ले जाओ, सीधा बंबई से आया है," की झाली निवड.

पहिला डबा मुलीला छान मानवला. ती शांत झोपायला लागली, गाल भरले. पण तो डबा संपला आणि बाजारात तसला दुसरा मिळेना, म्हणून वेगळ्या कंपनीचा आला. तेव्हापासून तिचं पोट कडक, शी होईना, सारखं रडणं. मामंजींनी निकाल दिला, "हे दूध तिला मानवत नाही." तिसरा डबा आला. मग कोणीतरी सांगितलं, अर्ध्या सायीचं हलकं असतं, चौथा आला. आधीचं उरलेलं वाया जाऊ नये म्हणून नवी पावडर त्याच्यातच मिसळायची. आमच्याकडे विकतचं काहीही पत्र्याच्या डब्यात ठेवायची पद्धत नव्हती; सगळं कल्हईच्या पितळी डब्यात ओतलं जायचं. रिकाम्या डब्यांत रवा, पोहे भरले जायचे.

मामंजी नव्या डब्यावरचं इंग्रजी वाचून चमचे किती आणि पाणी किती ते सांगायचे. मोजायचं मात्र पहिल्या डब्यातल्या चमच्यानं. सासूबाईंचा तसा हुकूमच होता. "ज्या चमच्यानं लेकराला दूध लाभलं, तो बदलायचा नाही." नव्या डब्यांतले चमचे त्यांनी मिसळणाच्या डब्यात टाकले होते, हळदीला एक, तिखटाला एक. मुलगी रडली की त्या म्हणायच्या, "भुकेली आहे, अजून अर्धा चमचा घाल." मी घालायचे. मनातल्या मनात चरफडायचे आणि घालायचे.

एका सकाळी तिचं रडणंही बारीक झालं. ओठ सुकलेले, लंगोट कोरडा. मी कोणाला न विचारता तिला उचललं आणि यजमानांना घेऊन कृष्णपुऱ्याजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. सोबत पितळी डबा आणि चमचा.

त्यांनी मुलीच्या टाळूवर बोट ठेवलं. टाळू आत गेली होती. "ये क्या उठा लाई हो?" त्या पितळी डब्याकडे बघून म्हणाल्या. "कंपनीचा डबा कुठंय? त्याच्यातला चमचा कुठंय?" यजमान धावत घरी जाऊन चौथा डबा आणि हळदीत टाकलेला त्याचा चमचा घेऊन आले. डॉक्टरीणबाईंनी तो धुऊन पुसला आणि साखर भरून पहिल्या डब्याच्या चमच्यात ओतली. तो भरायला दोनदा ओतावी लागली.

"प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं, बाई. ही पोरगी भुकेली नाही, तहानलेली आहे. दूध नाही, खीर पाजताय तुम्ही तिला. ऐसा और दो दिन चलता, तो हाथ से जाती."

त्यांनी उकळून गार केलेलं पाणी चमच्या-चमच्यानं पाजायला लावलं. दुपार होईपर्यंत मी तिथेच बाकावर बसून होते. लंगोट ओला झाला तेव्हा मी रडले. निघताना त्यांनी बजावलं: एकच डबा, त्याचाच चमचा, वर सुरी फिरवून सपाट भरायचा. दोन दुधं मिसळायची नाहीत. आणि त्यांना विचारल्याशिवाय डबा बदलायचा नाही.

घरी आल्यावर मी मामंजींच्या समोर उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. डबा हातात धरून त्यावरचं इंग्रजी मोठ्यानं वाचलं. चमचे आणि पाणी यांच्या खालीच एक ओळ होती: याच डब्यातला चमचा वापरावा. मी तिचा अर्थ मराठीत सांगितला. सासूबाई मुलीकडे बघत राहिल्या.

 मामंजी अगदी हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, तुम्हाला वाचता येतं. मग तुम्ही का नाही वाचलंत?"

काहीतरी सणसणीत बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि माझं लक्ष हातातल्या डब्याकडे गेलं. प्रत्येक नवा डबा पितळी डब्यात ओतायला माझ्याच हातात दिला जायचा.